शिफ्ट सुटेपर्यंत

चिखलीतल्या एका वर्कशॉपला आग लागून नऊ बायका गेल्या, त्याला महिना झाला होता. त्यांच्या पोरांना समाजमंदिरात रोज दोन तास खेळवायचं काम एका संस्थेतर्फे तनुजानं अंगावर घेतलं होतं. संस्थेनं तिला एकच गोष्ट बजावली होती: पोरं काहीही खेळोत, खेळ मध्येच मोडायचा नाही.

पोरं रोज कंपनी-कंपनीच खेळायची. सात वर्षांची सोनू सुपरवायझर व्हायची. सगळ्यांचे खोटे फोन डब्यात जमा करायची आणि बाहेरून कडी घालायची. तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण दार उघडंच होतं, असा जबाब मालकानं पोलिसांना दिला होता.

आज तोच मालक खेळण्यांची खोकी घेऊन आला. पोरांसोबत सेल्फी काढून म्हणाला, "रमली की हो! लहान पोरांचं बरं असतं, लवकर विसरतात."

सोनूनं डबा पुढं केला. "काका, फोन." त्यानं हसत फोन टाकला. पोरं भराभरा बाहेर पळाली आणि सोनूनं कडी घातली.

आधी आतून हसू आलं. मग थापा, मग लाथा. "अहो मॅडम, उघडा! जीव गुदमरतोय माझा!"

तनुजा बाहेर दारासमोर मांडी ठोकून बसली. "पोरांचा खेळ मध्येच मोडता येत नाही, साहेब."

"अहो, पण कधीपर्यंत?"

उत्तर सोनूनं दिलं. "शिफ्ट सुटेपर्यंत. माझ्या आईची अजून सुटली न्हाई."