हिरवा कागद

“पुन्हा वाच बघू तो कागद,” म्हातारा म्हणाला. “ठणका वाढलाय.”

माईने चष्मा नाकावर नीट बसवला, घसा साफ केला आणि हिरवा कागद डोळ्यांसमोर धरला. “पाय उशीवर ठेवा. पाणी भरपूर प्या. उगाच कण्हत बसू नका.”

“कण्हू नका असं लिहिलंय?”

“त्या अर्थाचं आहे.”

म्हाताऱ्याची नजर लग्नापासूनच अधू, आता तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून घरातलं वाचायचं काम माईकडे. माईला एक अक्षर येत नव्हतं, पण हे लेकाला-सुनेलासुद्धा ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं ती पत्रं नि बिलं अंदाजाने वाचत आली होती. अंदाज सहसा चुकत नसे.

काल दवाखान्यात म्हाताऱ्याच्या पायाला प्लास्टर घातलं. दाराशी फळीवर सात रंगांचे कागद मांडले होते. नर्स म्हणाली, “माई, काय जपायचं ते सगळं यात आहे. तुमच्या भाषेतला घ्या. वाचायची अडचण असेल तर थांबा, मी समजावून सांगते.”

“मी काय अडाणी वाटले तुला?” माई म्हणाली, आणि पुढच्या बाईने उचलला तसाच हिरवा कागद उचलून चालू लागली.

आता तिने चादर बाजूला केली. प्लास्टरबाहेरची बोटं सकाळपेक्षा सुजली होती, काळीनिळी पडली होती. खिडकीतलं ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं, तरी हाताला गार लागली.

“अंगठा हलवा.”

“हलवतोय की.”

अंगठा हलला नव्हता.

 माईने कागदावरून बोट फिरवलं. खालच्या ओळी जाड होत्या, चौकटीत घातलेल्या. चौकट आखून कुणी चांगली बातमी लिहीत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

वरच्या मजल्यावर शिलाई मशीन खडखडत होतं. वरची शिवणारी परक्या बोलीची. माई तिच्याशी बोलत नसे. मशीन सुरू झालं की झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं, एवढाच काय तो शेजार. आज माई झाडू न घेता जिना चढली.

दार उघडलं. शिवणारीच्या गळ्यात टेप होती. तिने आधी माईच्या हाताकडे पाहिलं. “बंद केली माई, मशीन बंद केली!”

माईने कागद पुढे केला. “हे वाचून दे. मला येत नाही.” इतक्या हळू म्हणाली की मशीन चालू असतं तर ऐकूच गेलं नसतं.

शिवणारीने कागद पाहिला, मग माईकडे पाहिलं. “हे आमची भाषा आहे, माई. तुमची नाही.”

माईने कठडा घट्ट धरला. “मग वाच की बाई! ती चौकट वाच आधी!”

शिवणारी वाचू लागली. ओठ हलत होते, मग हलायचे थांबले. तिने माईला सांगायला तोंड उघडलं, पण माईच्या भाषेतले शब्द सापडेनात. तशीच अनवाणी धडधडत जिना उतरली. माई मागोमाग.

खाली येताच ती पलंगापाशी जमिनीवर बसली. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं, लगेच गुलाबी. “असं पाहिजे,” ती म्हणाली.

मग तिने म्हाताऱ्याचं नख दाबलं आणि सोडलं. दोघी बघत राहिल्या. नख पांढरंच होतं.

शिवणारीने फोन कानाला लावला आणि आपल्या बोलीत भराभर काहीतरी सांगितलं. मग माईच्या कानाशी आली. “गाडी येते. उशीर तर पाय जाईल, माई.”

“काय म्हणतेय ती?” म्हाताऱ्याने उशीवरून मान उचलली. “हे नखाचं कागदात लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“सकाळी तू वाचलंस तेव्हा नव्हतं ते.”

माई खाली वाकली. तिने त्याचं नख दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.