मधे घातलेला शब्द

"हा कोड कोणी लिहिलेलाच नाही," साहेब म्हणाले. "जनरेट झालाय. तेव्हा 'चूक' हा शब्द आधी बाजूला ठेवा. विसंगती म्हणू."

मीटिंगच्या खोलीत तिघंच होती. साहेब, पंडित आणि टेस्टिंगच्या ताई. पंडित हे काही खरं नाव नव्हे. ऊठसूट नियम सांगतो म्हणून ऑफिसने ठेवलेलं. ताईंच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर हॉस्पिटलच्या सिस्टरचा निरोप. नऊ नंबरच्या आजोबांना सकाळी मऊ जेवण गेलं. घशाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पातळच द्यायचं होतं. ठसका लागला. आता ऑक्सिजनवर आहेत.

दिसायला गोष्ट एवढीशी होती. हॉस्पिटलच्या जेवणाचे प्रकार या ऑफिसने बनवून दिलेल्या प्रोग्राममध्ये एका यादीत होते: साधं, मऊ, पातळ, नळीतून. पेशंटच्या नावापुढे मात्र शब्द साठवलेला नसे, यादीतला त्याचा नुसता क्रमांक असे. त्या क्रमांकाचा पुन्हा शब्द करून स्वयंपाकघराच्या पडद्यावर दाखवणारा कोड पंडितने बनवलेला 'जनरेटर' नावाचा प्रोग्राम आपोआप लिहून देई. काल संध्याकाळी पंडितने यादीत 'बिनमिठाचं' घातलं, तेही साध्याच्या लगेच खाली. जनरेटरने मुकाट्याने नवा कोड काढून दिला. खालचे सगळे शब्द एकेक जागा सरकले आणि पेशंटपुढचे आकडे होते तिथेच राहिले. पातळवाल्यांना मऊ गेलं. ज्यांच्या तोंडातून थेंबही जायला नको, त्यांच्यापुढे पातळ.

"शेवटी का नाही घातलंस?" ताईंनी विचारलं.

"साधं आणि बिनमिठाचं शेजारीशेजारी बरं दिसतं."

"कोणाला?"

पंडितने चष्मा काढून पुसला. "टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, ताई. सगळ्या पास."

"त्या टेस्टसुद्धा तुझा जनरेटरच लिहितो ना? त्याच यादीवरून? आपला पेपर आपणच तपासायचा, मग पैकीच्या पैकी पडणारच."

"हे बघा," साहेब मधे पडले, "मालक विमानात आहेत. दोनला उतरतील. त्यांचा आणि वकिलांचा शब्द आल्याशिवाय हॉस्पिटलला काही कळवायचं नाही. कळवलं म्हणजे कबूल केलं. तोवर जुना कोड परत लाव रे."

"जुना लावला तर काल संध्याकाळनंतर दाखल झालेले चुकतील," पंडित हळूच म्हणाला. "त्यांचे आकडे नव्या यादीचे आहेत."

"मग दोनपर्यंत थांबू."

"साडेबाराला जेवणाच्या गाड्या वर जातात," ताई म्हणाल्या.

"अहो, तिथे सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत. बघतील ना ते."

"सकाळीही होतेच की."

ताईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही, उलट आणखी खाली गेला.

"साहेब, आजारी माणूस समोर आलेल्या घासाला तोंड उघडतो. हा माझ्याचसाठी केलाय, एवढंच त्याला माहीत असतं. त्याने विश्वासाने तोंड उघडलं आणि आपण त्याचा जीव गुदमरवला. तो ठसकाही जनरेटच झाला का? तुमच्या वडिलांचं ताट असतं, तर दोनपर्यंत थांबला असतात?"

"वडिलांना मधे आणू नका."

"ते मधे नाहीतच. म्हणून तर तुम्हाला थांबता येतंय."

ताईंनी टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर लावला. साहेब अर्धवट उठले. "ताई, फोन ठेवा. याची जबाबदारी तुमच्यावर येईल."

"येऊ द्या," असं म्हणून ताईंनी स्पीकर चालू केला.

"स्वयंपाकघर," पलीकडून बाईचा घाईचा आवाज आला. मागे भांडी आदळत होती.

"तुमच्या पडद्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या ऑफिसमधून बोलतेय. दुपारचा एकही ट्रे वर पाठवू नका. पडद्यावर दिसतंय ते चुकलेलं आहे. आमच्याकडून चुकलंय."

भांड्यांचा आवाज एकदम थांबला. "लेबलं लागलीत हो. गाड्या लिफ्टच्या दारात आहेत. वर माणसं भुकेली बसलीत, त्यांना काय देऊ मी?"

"डॉक्टरांनी प्रत्येकाच्या शेऱ्यात जेवण शब्दांत लिहिलेलं असतं, ते आमच्याकडे दिसतं. एकेकाचं वाचून सांगतो. तुम्ही झाकण उघडून बघा आणि मगच सोडा."

"एकेकाचं?"

"एकेकाचं."

ताईंनी लॅपटॉप पंडितपुढे सरकवला. "वाच. आता तुझ्या तोंडाने."

साहेब दाराशी जाऊन उभे राहिले. बाहेर गेले नाहीत, आतही आले नाहीत.

"बेड एक," फोनमधली बाई म्हणाली. "आजी आहेत."

"मऊ," पंडितने झरकन सांगितलं. झाकण उघडल्याचा, मिटल्याचा आवाज झाला.

"बेड दोन. ड्रायव्हरकाका, पाय मोडलेले."

"साधं."

"बेड तीन. शाळकरी पोर आहे. सकाळपासून विचारतेय, जेवण कधी येणार."

पंडितने तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. पडद्यावर बोट टेकवून तो ओळीच्या सुरुवातीला गेला. ओठ हलत होते. पुन्हा एकदा पहिल्यापासून.

"थांबा हं," तो म्हणाला. "परत बघून सांगतो."

पलीकडून कोणी घाई केली नाही.