ब्रेक नसलेली बाजू

"हळू घे गं बाळा, घाबरू नकोस, ब्रेक माझ्या पायाखाली आहे." शिकाऊ गाडीतला तो मऊ आवाज बारा वर्षांपूर्वी तिला इतका भावला की तिने शिकवणाऱ्याशीच लग्न केलं. आता ती रुग्णवाहिका चालवायची, पण घरच्या गाडीत नवरा शेजारी बसून अजून तोच आवाज लावायचा आणि नसलेला ब्रेक दाबत राहायचा. आज दुकानदाराने गाडीच्या जुन्या मॅट बदलायला काढल्या. तिच्या बाजूची जशीच्या तशी होती, नवऱ्याच्या बाजूची आरपार झिजलेली. "असं कसं हो?" दुकानदाराने विचारलं. "बायको चालवते ना," नवरा डोळा मिचकावत म्हणाला, "बिचारीची काळजी मलाच घ्यावी लागते." मॅटच्या भोकात बोट घालून ती सावकाश म्हणाली, "अहो, लायसन्ससाठी तुमच्या क्लासला यायच्या आधी चार वर्षं मी बाबांचा टेम्पो चालवत होते. तुम्हाला शिकवायला इतकं आवडायचं, म्हणून बोलले नाही."