दालचिनीची साखर

पद्मावतीचं सासर तोंडवलीला आणि माहेर गोव्यात, पेडण्याला. गोव्याची हद्द बंद झाली आणि कितीतरी वर्षं तिला आईकडे जाता आलं नाही. एकसष्टच्या डिसेंबरात वाट मोकळी झाली. पद्मावतीने परसातल्या झाडाची सुकवलेली दालचिनी कुटली, वस्त्रगाळ करून साखरेत मिसळली आणि बरणी घेऊन बांद्यावरून माहेर गाठलं. ही साखर करायला तिला आईनेच शिकवलं होतं.

आई ओटीवर बसली होती. तिची नजर अधू झाली होती आणि माणसंही तिला आठवेनाशी झाली होती.

"आये, मी पद्मा गे."

आई हसली. "कोणाची गो तू?"

पद्मावती आत गेली. तिने घावन काढलं, त्यावर साखर पसरली आणि पहिला घास आईला भरवला. आईने तो सावकाश चघळला. पद्मावतीने आणखी साखर घालायला चमचा उचलला, तसा आईने ताटलीवर हात आडवा धरला.

"बरी आसा. पण सगळी माका घालू नको. माझी पद्मा येतली, तिका ठेव."

पद्मावतीने बरणीचं झाकण लावलं.

"व्हय, ठेवतंय."