उंचीची भीती

"माणसाचं मन जाणायला जाडजूड पुस्तकं लागत नाहीत, दोन कान पुरतात!" मानसशास्त्राच्या वर्गाला ठोसर सरांनी बजावलं आणि हात वर केलेल्या तिघांना शंका शेवटी विचारायला सांगितल्या.

मग सराव सुरू झाला. चिठ्ठीत आलेला आजार घेऊन एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. शलाकाला 'उंचीची भीती' आली. समोर निनाद बसला.

"उंचावर गेलं की काय होतं तुम्हाला?"

"पूर्वी पाय कापायचे," शलाका म्हणाली. "आता नाही कापत. रोज जेवण झालं की हॉस्टेलच्या गच्चीवर जाते, कठड्यावर पाय बाहेर सोडून बसते. खाली बघितलं की बरं वाटतं. आईची आठवण आली की परत फिरायचे. काल आठवण आलीच नाही. वॉचमनने शिट्टी मारली म्हणून उठले."

निनादने घाबरून सरांकडे पाहिलं. "सर, ही खरंच..."

"तुझी चूक नाही रे." सर हसत उठले. "अगं शलाका, उंचीला भिणारा पेशंट कठड्यावर बसेल का? लक्षणं चिठ्ठीशी जुळायला नकोत? ही तर सरळसरळ डिप्रेशनची केस सांगितलीस. अभिनय झकास, पण दोन मार्क कापले."

वर्ग खदखदून हसला. शलाकाही हसली. "सॉरी सर. चुकलंच माझं."

"असू दे. आणि पुढच्या वेळी जरा मोठ्याने बोल, मागच्या बाकांवर काही ऐकू येत नाही."