बिनरोकड खर्च

सभा संपली तसे तायपेच्या त्या सभागृहातले सगळे भागधारक भेटवस्तूच्या रांगेकडे वळले. ल्याओ पी-श्या मात्र उलटी, व्यासपीठाकडे गेली. हातात कंपनीचा वार्षिक अहवाल, आतल्या एका पानावर बोट.

वित्त विभागाची प्रमुख यू वेन-छी कागद आवरत होती. “मावशी, चॉपस्टिक्सची रांग तिकडे आहे.”

“घरी बारा जोड पडलेत. मला ही एक ओळ समजावून सांग.”

ओळ रोख प्रवाहाच्या तक्त्यातली होती. भाडेपट्ट्यांचा खर्च, बिनरोकड.

“यात कीलुंगचं दुकान धरलंय का? बंदरासमोरचं, पुस्तकांचं?”

“धरलंय. तिथलं पाच वर्षांचं भाडं आपण सुरुवातीलाच भरलं होतं. आता दर महिन्याला त्यातला एक हिस्सा खर्च म्हणून लिहितो. नफ्यातून तो वजा होतो, पण नव्याने पैसे जात नाहीत. म्हणून इथे परत मिळवलाय.”

“पण दुकान बंद करून दीड वर्ष झालं.”

“बंद केलं, सोडलं नाही. पट्टा नोव्हेंबरपर्यंत आहे.”

“पैसे जात नाहीत, आत माल नाही, माणूस नाही. मग खर्च होतंय काय?”

वेन-छीने थोडा विचार केला. “दिवस. ती जागा आपल्याकडे असण्याचे दिवस.”

“आणि फोनवर तुमच्या ऑफिसातला तो मुलगा सांगतो, ती जागा आता आपली नाही. तीनदा सांगितलं. बावीस वर्षं गल्ल्यावर बसले तिथे, आणि मलाच शिकवतो!” पी-श्याने अहवाल मिटला. “आपली आहे ना? मग किल्ली दे. एका संध्याकाळपुरती.”

“तुमचं काही राहिलंय का आत? मी कुणाला तरी पाठवते.”

“काही नाही राहिलं.”

मागे कुणीतरी भांडत होतं, पेटीत एकच जोड निघाला म्हणून. पी-श्या ते संपेपर्यंत थांबली.

“माझा नवरा रोज सहाला मला घ्यायला यायचा. दुकान बंद झालंय हे त्याच्या लक्षात राहत नाही. आता कशातलंच काही राहत नाही. पण सहाला तिथे बरोबर जातो, शटरसमोर उभा राहतो. मी बाजूलाच असते. म्हणते, आ-थू, चल घरी. तर म्हणतो, ‘बाई, तुम्ही व्हा पुढे. माझी बायको आत आहे, येईलच आता.’”

वेन-छीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पुढच्या महिन्यात चहावाल्याला पोटभाड्याने देतोय ती जागा,” ती म्हणाली. “एक तारखेपासून तोडफोड आहे. वीजही कापलीय, मावशी.”

“उजेड काय करायचाय मला?”

वेन-छीने फोन लावला. पलीकडचं ऐकून तिने फोनवर हात ठेवला. “किल्ली मिळेल. किती तास हवी, विचारतायत.”

“तास कशाला? मागच्या दाराने आत जाईन. सहा वाजता पुढचं शटर वर करून बाहेर येईन,” पी-श्या म्हणाली. “तो उभा असेलच.”