काउंटडाउनची तालीम

चांद्रयान दुसऱ्या दिवशी दुपारी उडणार होतं, पण परळच्या त्या चाळीत ते आदल्या संध्याकाळपासूनच उडायला लागलं होतं. चौकात मोठा पडदा बांधून झाला होता. मंडळाचा सेक्रेटरी दत्ताराम याने थर्माकोलचं माणसाएवढं रॉकेट करून घेतलं होतं आणि दोरीने ते गच्चीपर्यंत ओढायची सोयही केली होती. माइकवर तो आकडे म्हणणार, मागून सगळी चाळ म्हणणार आणि शून्याला रॉकेट वर जाणार. त्याचीच तालीम चालली होती.

दुसऱ्या मजल्यावर लक्ष्मी दारातच तांदूळ निवडत बसली होती. आत कॉटवर तिचे यजमान गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, काठी धरून चालता येऊ लागलं. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. पाण्याच्या वेळेपासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत अख्ख्या चाळीशी गॅलरीतून वाद घालणारा हा माणूस; आता त्यांच्या तोंडून नुसतं "त... त..." निघायचं. कळायचं सगळं, ओठांवर यायचं नाही. हॉस्पिटलात बोलण्याचा सराव घेणाऱ्या प्रितीमॅडम सांगायच्या, "काका, एकटे नका बोलू. कुणाच्या तरी आवाजात आवाज मिसळा." गुणाजींना लाज वाटायची. मागच्या आठवड्यात त्यांनी हात हलवून सांगून टाकलं, आता हॉस्पिटल नको. तेव्हापासून ते गॅलरीतही आले नव्हते.

खाली माइक खरखरला. "दहा... नऊ... आठ..." चाळ मागून ओरडत होती. पोरं पुढे पळायची, म्हाताऱ्या मागे राहायच्या. दत्ताराम वैतागून थांबवायचा आणि परत दहापासून सुरू करायचा. किती वेळा झालं कोण जाणे. लक्ष्मीचा हात तांदळात, कान कुठेच नव्हते.

आणि मग तिला पाठीमागून ऐकू आलं.

"...पाच... चार..."

आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा. लक्ष्मी वळली नाही. वळलं तर थांबेल, असं तिला वाटलं. तीन, दोन, एक. चाळीबरोबर तो आवाजही शून्यापर्यंत गेला. खाली टाळ्या पडल्या, रॉकेट डुलत डुलत वर गेलं.

मग तिने मागे बघितलं. गुणाजी कॉटवर उठून बसले होते. स्वतःच्या तोंडाला हात लावून बघत होते.

लक्ष्मी उठली तशी ताटातले तांदूळ सांडले. ती कठड्याशी गेली. खाली दत्ताराम माइकची वायर गुंडाळायला लागला होता.

"दत्ताराम, बंद नको करूस. परत म्हण."

दत्तारामने वर बघितलं. "काय झाला वयनी? आवाज जास्त होता काय? कमी करतो."

"कमी नको. परत म्हण." तिने एकदा मागे बघितलं, एकदा खाली. "हे म्हणतायत. तुमच्याबरोबर."

ज्यांना कळलं त्यांनी शेजारच्याला सांगितलं. दत्तारामने वायर सोडली आणि दोरी धरणाऱ्यांना म्हणाला, "खाली घ्या रे. परत एकदा."

तोवर काठी टेकत गुणाजी गॅलरीत आले होते. डाव्या हाताने त्यांनी कठडा पकडला. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. कुणी पीठ लागलेल्या हातांनी, कुणी नुकतंच कामावरून आलेलं, खांद्याला बॅग तशीच. गुणाजींकडे टक लावून कुणी बघत नव्हतं. सगळे रॉकेटकडेच बघत होते.

दत्तारामने आकडे सावकाश घेतले. या वेळी पोरं पुढे पळाली नाहीत. दहाला गुणाजींचे ओठ नुसते हलले. आठ अडकला. सहापासून आवाज लागला आणि मग टिकला. लक्ष्मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून म्हणत होती. तिचा स्वतःचा आवाज फुटत होता, तरी ती म्हणत होती.

रॉकेट वर गेलं. खाली आलं. परत गेलं. तिसऱ्या मजल्यावरची कांता शेगडी बंद करून आली आणि तीही म्हणू लागली. आता गुणाजींचा दहाही ऐकू येत होता.

पुढच्या खेपेला दत्तारामने एकपर्यंत आणलं आणि माइक तोंडापासून दूर धरला. मोकळा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. शून्य कुणीच म्हटलं नाही. दोरी धरणारे ताणून उभे होते. रस्त्यावरच्या बसचा हॉर्न तेवढा आत आला.

गुणाजींनी ओठ जुळवले, सोडले. मानेची शीर फुगली. लक्ष्मीच्या जिभेवर शून्य आलं होतं, ते तिने दातांत धरून ठेवलं.

"शू..." गुणाजी म्हणाले. थांबले. परत श्वास घेतला. "शून्य."

एकट्याचा आवाज. चौकाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला.

रॉकेट इतक्या जोरात वर ओढलं गेलं की गच्चीच्या कठड्यावर आपटून त्याचं टोक तुटलं. गुणाजी मान वर करून त्या तुटक्या टोकाकडे बघत होते आणि हसत होते, एका बाजूने.

लक्ष्मीने खाली बघून हात जोडले. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळी मिळून रॉकेट पुन्हा खाली उतरवत होती.